ओळंबा आणि गुण्या

गवंडी भिंत चढवताना दोन हत्यारं जवळ ठेवतो. एक ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ उभी आहे की कुठे झुकली आहे, ते ओळंबा दाखवतो. दुसरं हत्यार गुण्या, काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्यांचा. दोन भिंती कोपऱ्यात काटकोनात मिळतात की नाही, ते गुण्या दाखवतो. ओळंब्याला पृथ्वीची ओढ लागते. गुण्याला तसलं काही लागत नाही. तो आडवा धरा, तिरका धरा, उलटा धरा, त्याचा काटकोन काटकोनच राहतो.

नववीच्या वर्गात ‘लंब’ हा शब्द उच्चारला की बहुतेक मुलांच्या मनात गुण्या येत नाही, ओळंबा येतो. फळ्यावर आडवी रेषा काढून तिच्यावर लंब टाकायला सांगा, सगळ्यांचं बरोबर येतं. आता तीच रेषा तिरकी काढा. वर्गातली बरीच मुलं पुन्हा वहीच्या कडेला समांतर, सरळ खाली येणारी रेघ ओढतात आणि तिच्या पायाशी काटकोनाची चौकट काढूनही टाकतात. विचारलं तर व्याख्या धडाधड म्हणून दाखवतात: 90 अंशांचा कोन करणारी रेषा म्हणजे लंब. व्याख्या खरी, आकृती खोटी, आणि या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असं मुलाला वाटतच नाही. कारण त्याला ‘उभा’ हा शब्द लहानपणापासून माहीत आहे आणि ‘लंब’ हे त्याचंच पुस्तकातलं नाव असावं, अशी त्याची समजूत झाली आहे.

डेव्हिड टॉल आणि श्लोमो विनर या दोन अभ्यासकांनी 1981 साली या दुभंगाला नावं दिली. एक असते संकल्पनेची व्याख्या, आणि दुसरी असते संकल्पनेची प्रतिमा, म्हणजे तो शब्द ऐकताच डोळ्यांपुढे जे येतं ते. परीक्षेत व्याख्या विचारली जाते, पण गणित सोडवताना हात चालतो तो प्रतिमेवर. भूमितीच्या शब्दसंग्रहाची बहुतेक शिकवणी व्याख्येवर खर्च होते आणि प्रतिमा जिथे होती तिथेच राहते.

पालकांना आणि कधी कधी शिक्षकांनाही वाटतं की भूमितीतले खरे अवघड शब्द म्हणजे ‘आंतरव्युत्क्रम कोन’, ‘शिरोलंबसंपात’, ‘आंतरलिखित’ वगैरे संस्कृत पहिलवान. मला ते तितकेसे धोक्याचे वाटत नाहीत. हे शब्द मुलांनी घरात कधी ऐकलेले नसतात, त्यामुळे त्यांच्याभोवती आधीचा अर्थ चिकटलेला नसतो. शिवाय ते सुटे करता येतात. शिर म्हणजे टोक, तिथून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब तो शिरोलंब, आणि तीनही शिरोलंब जिथे एकत्र येतात तो संपातबिंदू. एकदा असा शब्द सोडवून दाखवला की ‘मध्यगा संपात’ मूल स्वतःच सोडवतं. मराठी परिभाषेची ही मोठी सोय आहे आणि आपण ती फार कमी वापरतो. मुलांना अडकवतात ते ओळखीचे शब्द: चौकोन, गोल, उंची, पाया, सारखा.

‘चौकोन काढ’ म्हटलं की पाचवीतलं मूल चौरस काढतं, फार तर आयत. रुमाल चौकोनी असतो, डबा चौकोनी असतो, त्यामुळे त्यात चूक ती काय? भूमितीच्या वर्गात मात्र चार बाजूंची कुठलीही वेडीवाकडी बंद आकृती चौकोन ठरते. ‘गोल’ तर याहून फसवा. चेंडू गोल, भाकरी गोल, बांगडीही गोल. भूमितीत यांतला फक्त चेंडूचा आकार गोल, बांगडी हे वर्तुळ, आणि भाकरी म्हणजे वर्तुळ आणि त्याच्या आतला सगळा भाग. वर्तुळाचा केंद्रबिंदू वर्तुळावर असतो का, असा प्रश्न दहावीच्या वर्गात टाकून पाहावा. बरीच मुलं ‘हो’ म्हणतात, कारण त्यांच्या मनात वर्तुळ म्हणजे भाकरी असते, आणि भाकरीचा मध्य भाकरीवरच असतो. वर्तुळ म्हणजे केंद्रापासून ठरावीक अंतरावरच्या बिंदूंचा संच ही व्याख्या त्यांनी लिहिलेली असते, पण त्या व्याख्येनुसार केंद्र बाहेर पडतं हे कुणी त्यांच्याकडून वदवून घेतलेलं नसतं.

‘उंची’चंही तेच. माणसाची उंची जमिनीपासून डोक्यापर्यंत, इमारतीची उंचीही तशीच. त्रिकोणाची उंची म्हटली की मूल त्रिकोण जमिनीवर बसवतं, वरच्या टोकापासून खाली रेघ ओढतं आणि खालच्या बाजूला पाया म्हणतं. मग विशालकोन त्रिकोण येतो. त्याच्या लघुकोनाच्या शिरोबिंदूतून टाकलेला शिरोलंब आकृतीच्या बाहेर, वाढवलेल्या बाजूवर पडतो. वस्तूची उंची वस्तूच्या बाहेर कशी असेल, हे मनाला पटत नाही, म्हणून मुलं तो लंब ओढूनताणून आत आणतात. मग तो लंबच राहत नाही, पण आत तर राहतो. इस्रायलमध्ये रीना हर्श्कोविट्झ आणि विनर यांनी नेमकी ही चूक अभ्यासली. प्रत्येक संकल्पनेचं एक लाडकं उदाहरण मनात घर करतं आणि बाकीची उदाहरणं त्याच्या मापाने जोखली जातात, असं या कामातून पुढे आलं. लाडका त्रिकोण पायावर बसलेला, लाडका आयत लांबट आणि आडवा, लाडकी समांतर रेषांची जोडी क्षितिजासारखी. आणि हे लाड कोण करतं? आपली पाठ्यपुस्तकं आणि आपले फळे. काटकोन त्रिकोणाचा काटकोन खाली डावीकडे नसलेली आकृती शेवटची कधी काढली होती, हे प्रत्येक शिक्षकाने स्वतःला विचारावं.

भाषाशास्त्रज्ञ मायकल हॅलिडे यांनी 1974 साली नैरोबीच्या युनेस्को परिषदेत मांडलं की गणिताला स्वतःची एक बोली असते, आणि ती फक्त नव्या शब्दांची बनलेली नसते. जुन्याच शब्दांचे नवे अर्थ आणि वाक्यं बांधण्याच्या वेगळ्या रीती त्यात येतात. भूमिती शिकणं म्हणजे मराठीत राहूनच दुसऱ्या मराठीत जाणं. ज्याला परकी भाषा शिकायची आहे त्याला निदान हे ठाऊक असतं की आपल्याला ती येत नाही. नववीतल्या मुलाला तसं वाटण्याचं काही कारणच नसतं.

काही अडचणी मात्र आपल्या परिभाषेनेच तयार केल्या आहेत, आणि त्या मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही. ‘कर्ण’ घ्या. मराठीत काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण, आणि चौकोनाचे समोरासमोरचे शिरोबिंदू जोडणारा रेषाखंडही कर्णच. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. हिंदीत पहिल्याला कर्ण आणि दुसऱ्याला विकर्ण म्हणतात. मराठीने जुना रिवाज कायम ठेवला. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘लीलावती’त भुज, कोटी आणि कर्ण हे त्रिकोणातलं त्रिकूट आहे, आणि चौकोनाच्या कर्णालाही कर्णच म्हटलं आहे. त्यात तर्क आहे. आयताचा कर्ण काढला की त्याचे दोन काटकोन त्रिकोण होतात आणि तोच रेषाखंड दोघांचाही कर्ण असतो. वर्गात एवढी एक आकृती काढली तर नावाचा घोळ हा प्रमेयाकडे जाणारा रस्ता होतो. नाही काढली, तर पायथागोरसचं प्रमेय शिकलेलं मूल समभुज चौकोनाच्या कर्णालाही ‘काटकोनासमोरची बाजू’ मानून बसतं आणि जिथे काटकोन नाही तिथे वर्गांची बेरीज करतं.

याहून अवघड जोडी ‘समभुज’ची. समभुज त्रिकोण म्हणजे तिन्ही बाजू समान असलेला, समभुज चौकोन म्हणजे चारही बाजू समान असलेला. नावं जुळ्या भावांसारखी, वागणूक अगदी वेगळी. त्रिकोणाच्या बाजू समान झाल्या की कोनही समान होणं भाग पडतं. 60 अंशांतून सुटका नाही. चौकोनाला अशी सक्ती नाही. चार समान बाजू ठेवून तो हवा तितका तिरपा करता येतो. मूल पहिल्या नावावरून दुसऱ्याकडे जातं आणि समभुज चौकोन म्हणजे चौरस असं धरून चालतं. ही गैरसमजूत शब्दांनी दूर होत नाही, कितीही वेळा ‘लक्षात ठेवा’ म्हटलं तरी. ती हातानेच दूर होते. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलेल्या अरविंद गुप्तांनी यासाठी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घराघरांत पोचवले. ट्यूबच्या तुकड्यात काड्यांची टोकं खुपसली की सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण बोटांनी दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच लवतो आणि चौरसाचा समभुज चौकोन होतो. तो दाबता दाबता मुलाला विचारायचं: बाजू बदलल्या का? कोन बदलले का? कर्ण बदलले का? एक कर्ण लांबतो आणि दुसरा आखूड होतो, हे मूल स्वतः सांगतं. पण दोन्ही कर्ण एकमेकांना काटकोनात छेदत राहतात, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तिथे गुण्या पुढे करावा.

शब्द केव्हा द्यायचा, या प्रश्नाला सगळ्यांत विचारपूर्वक उत्तर दिलं ते नेदरलँड्समधल्या एका शिक्षक दांपत्याने. पिएर व्हान हिले आणि दिना व्हान हिले-गेल्डोफ. दोघांनी 1957 साली उट्रेख्त विद्यापीठाला प्रबंध सादर केले, आणि त्यानंतर थोड्याच काळात दिना वारल्या. दिना यांचा प्रबंध माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गाला भूमिती शिकवण्याच्या प्रत्यक्ष प्रयोगावर होता. दोघांचं म्हणणं असं की भूमितीचा विचार पायऱ्यांनी चढतो. पहिल्या पायरीवर मूल आकार अख्खा ओळखतं. चौरस का? तर तो चौरसासारखा दिसतो म्हणून. दुसऱ्या पायरीवर त्याला गुणधर्म दिसतात: चार बाजू समान, चार काटकोन. तिसरीवर गुणधर्मांची एकमेकांशी नाती कळतात: हे असेल तर ते आलंच. मग चौथीवर सिद्धता, आणि त्याही वर वेगवेगळ्या भूमितींची तुलना. ही यादी शिक्षकांच्या प्रशिक्षणात सगळीकडे पाठ करून घेतली जाते. पण या मांडणीतला शब्दांबद्दलचा मुद्दा सहसा गाळला जातो. प्रत्येक पायरीची भाषा वेगळी असते, आणि दोन पायऱ्यांवर उभी असलेली दोन माणसं एकच शब्द वापरून एकमेकांना अजिबात समजू शकत नाहीत.

शिक्षक म्हणतो, ‘प्रत्येक चौरस हा आयत असतो.’ तो तिसऱ्या पायरीवरून बोलतो आहे. मूल पहिल्या पायरीवर आहे. त्याच्यासाठी चौरस आणि आयत हे दोन चेहरे आहेत, आणि बाई म्हणतायत की सीता ही गीता आहे. मूल ते वहीत उतरवून घेतं, परीक्षेत ‘बरोबर’वर खूण करतं, आणि त्यावर विश्वास ठेवत नाही.

या बिचाऱ्याच्या बाजूने एक मोठा साक्षीदार उभा करता येतो. युक्लिडने ‘मूलतत्त्वे’च्या पहिल्या खंडाच्या सुरुवातीला 23 व्याख्या दिल्या आहेत. त्यांत त्याने चौकोनांचे प्रकार सांगताना चौरस म्हणजे समान बाजूंचा आणि काटकोनांचा, आणि आयताकृती म्हणजे काटकोनांचा पण समान बाजू नसलेला, असं स्पष्ट वेगळं काढलं आहे. समद्विभुज त्रिकोणाच्या व्याख्येतही फक्त दोन बाजू समान असा त्याचा आग्रह आहे. म्हणजे युक्लिडच्या लेखी चौरस हा आयत नाही आणि समभुज त्रिकोण हा समद्विभुज नाही. आज आपण उलट पद्धत घेतली ती सोय म्हणून: आयताबद्दल सिद्ध केलेलं प्रत्येक प्रमेय चौरसाला आपोआप लागू व्हावं, वेगळी सिद्धता लिहावी लागू नये. हे कारण मुलांना सांगितलं पाहिजे. व्याख्या आकाशातून पडत नाहीत, माणसं त्या ठरवतात आणि ठरवताना काही फायदा पाहतात, हे कळलं की चौदा वर्षांच्या डोक्याला वाद घालायला जागा मिळते. आणि तेवढ्यात समलंब चौकोन पुढे करावा. आपल्या पाठ्यपुस्तकात तो संमुख भुजांची एकच जोडी समांतर असलेला चौकोन आहे, म्हणजे समांतरभुज चौकोन त्यातून बाहेर. इतर ठिकाणी ‘किमान एक जोडी’ असंही म्हणतात, मग समांतरभुज चौकोन आत येतो. आयताच्या बाबतीत आपण आत घेणारी व्याख्या निवडली आणि समलंबाच्या बाबतीत बाहेर ठेवणारी. हे विसंगत आहे, असं एखादी मुलगी म्हणाली तर तिला शाबासकी द्यावी, कारण ती बरोबर आहे.

व्हान हिले दांपत्याने शिकवण्याचे जे टप्पे सांगितले, त्यांत नेमका शब्द येतो तो तिसऱ्या टप्प्यावर. आधी मुलं साहित्य हाताळतात, मग शिक्षकाने आखून दिलेलं काम करतात, मग जे दिसलं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचा प्रयत्न करतात. त्या धडपडीत शब्द अपुरा पडू लागला की शिक्षक पारिभाषिक शब्द पुढे ठेवतो. आपल्याकडे तास सुरू होतो तोच व्याख्येने. एवढा क्रम उलटवला तरी शब्दांचं निम्मं ओझं उतरतं.

कागदाच्या घडीने हा क्रम सहज साधतो. मद्रासमध्ये 1893 साली टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं एक पुस्तक इंग्रजीत लिहिलं. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि 1901 साली शिकागोहून त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. त्याचं मर्म एवढंच की घडीची सुरकुती ही रेषा असते, आणि घडी घालताना समानता आपोआप सिद्ध होते. कागदावर रेषाखंड काढा, त्याची दोन टोकं एकमेकांवर आणून घडी घाला. सुरकुती रेषाखंडाला मधोमध छेदते आणि काटकोनातही छेदते. आता मुलांना विचारा, ही रेषा काय काय करते? ‘अर्धं करते’, ‘सरळ जाते’, ‘नाही सर, सरळ नाही, काटकोनात जाते’. दोन्ही गोष्टी मुलांच्या तोंडून आल्यावर ‘लंबदुभाजक’ हा शब्द फळ्यावर लिहायचा. त्या क्षणी तो नवा शब्द राहत नाही. आणि मूळ रेषाखंड तिरका काढलेला असेल तर ओळंब्याचा हट्टही तिथेच सुटतो.

विस्कॉन्सिन विद्यापीठात डोरोथी फ्रेअर आणि सहकाऱ्यांनी 1969 साली सुचवलेली एक चौकट आज जगभरच्या वर्गांत वापरली जाते. पानाचे चार भाग करायचे: अर्थ, गुणधर्म, उदाहरणं आणि ‘हे नव्हे’ची उदाहरणं. चौथा भाग सगळ्यांत कामाचा. जीवेची दहा उदाहरणं काढून जे होत नाही ते एका ‘हे नव्हे’ने होतं: एक टोक वर्तुळावर आणि दुसरं आत असलेला रेषाखंड. मात्र ही चौकट शिक्षकाने भरून फळ्यावर लिहिली आणि मुलांनी उतरवून घेतली तर तो फक्त चार खणांचा पाठांतराचा तक्ता होतो.

माझ्या आवडीचा खेळ त्याहून स्वस्त आहे. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात आकृती, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्याने फक्त बोलायचं, हातवारे नाहीत, ‘असं’ आणि ‘तिकडे’ हे शब्द बाद. पहिल्यांदा खेळताना प्रचंड गोंधळ होतो: ‘एक रेघ काढ, मग तिच्यावरून दुसरी.’ वरून म्हणजे छेदून की समांतर? हळूहळू मुलांना ‘छेदिका’, ‘शिरोबिंदू’, ‘लगतची बाजू’ हे शब्द हवेसे वाटू लागतात, कारण त्यांच्यावाचून खेळ हरतो.

छेदिका म्हटली की समांतर रेषांच्या धड्याबद्दल बोलायलाच हवं, कारण तिथे शब्दांची एक चूक पुढे सिद्धतेपर्यंत पोचते. ‘संगत कोन’ आणि ‘व्युत्क्रम कोन’ ही फक्त जागांची नावं आहेत. छेदिका दोन रेषांना छेदते, आठ कोन होतात, त्यांतल्या जोड्या कुठे बसल्या आहेत यावरून नावं पडतात. त्या दोन रेषा समांतर असोत वा नसोत, व्युत्क्रम कोन हे व्युत्क्रम कोनच. समांतर असतील तर ते एकरूप असतात, हा वेगळा गुणधर्म. पण धड्यातल्या बहुतेक आकृत्या समांतर रेषांच्या, म्हणून मुलाच्या मनात ‘व्युत्क्रम’ म्हणजेच ‘समान’. मग ते सिद्धतेत बिनदिक्कत लिहितं: ‘कारण व्युत्क्रम कोन’. रेषा समांतर आहेत हे त्याने कुठेच दाखवलेलं नसतं, आणि कधी कधी तर तेच साध्य असतं. उपाय सोपा आहे. पहिला तास न समांतर असलेल्या दोन रेषांवर घ्यायचा, जोड्या ओळखायच्या, कोनमापकाने मोजायच्या, त्या वेगवेगळ्या भरतात हे पाहायचं, आणि मग एक रेषा फिरवत फिरवत कोन समान होईपर्यंत न्यायची.

सिद्धतेच्या पानावर आलं की लक्षात येतं, तिथे घोटाळा करणारे शब्द बहुधा भूमितीचे नसतातच. ‘परस्परांना’, ‘अनुक्रमे’, ‘प्रत्येकी’, ‘किमान’, ‘एकच’, ‘जर’ आणि ‘तर’. ‘कर्ण परस्परांना दुभागतात’ या वाक्यातून ‘परस्परांना’ काढून टाकलं तर कोण कोणाला दुभागतं ते कळत नाही. पतंग या आकृतीत एक कर्ण दुसऱ्याला दुभागतो, उलट होतंच असं नाही. समरूप त्रिकोणांच्या बाजूंची नावं ‘अनुक्रमे’ न लावता लिहिली की गुणोत्तरं उलटीपालटी होतात आणि चार गुणांचं उदाहरण हातचं जातं. या शब्दांची व्याख्या कुठल्याही पुस्तकात चौकटीत दिलेली नसते. मुलं बाकोबा, कोबाको, बाबाबा या कसोट्या लयीत म्हणतात, त्यात त्यांना मजाही येते, पण बाकोबामधला ‘को’ दोन ‘बा’च्या मध्येच का बसला आहे, हे लयीत हरवून जातं. कोन त्या दोन बाजूंमधलाच हवा, ही अट त्या अक्षरांच्या क्रमात दडलेली आहे.

त्रिज्येत ‘त्रि’ कशासाठी, असं एखादं चौकस मूल विचारतं. उत्तर गमतीचं आहे. प्राचीन ज्योतिर्गणितात तीन राशींची, म्हणजे 90 अंशांची ज्या ही वर्तुळाच्या केंद्रापासून परिघापर्यंतच्या अंतराएवढी असते. त्रिराशिज्येची झाली त्रिज्या. अशी उत्तरं माहीत असावीत, पण त्यांच्यावर तास खर्च करू नये. त्यांचा आनंद मुलांपेक्षा शिक्षकाला जास्त होतो.

आता या सगळ्यावर दुसऱ्या भाषांचा थर चढला आहे. सेमी-इंग्रजी वर्गातलं मूल गणित इंग्रजीत वाचतं आणि ते समजून घेतं बहुधा मराठीत, शिक्षकाच्या तोंडून. मराठी माध्यमातलं मूल दहावीनंतर विज्ञानाला गेलं की एका रात्रीत सगळी नावं बदलतात. मराठी पाठ्यपुस्तकात शब्दांपुढे कंसात इंग्रजी नावं छापलेली असतात, ते चांगलंच आहे. पण खरी गंमत हिंदीने केली आहे, कारण शिकवणीचे व्हिडिओ मुलं हिंदीत पाहतात. महाराष्ट्राच्या पुस्तकात 90 अंश बेरीज होणारे कोन कोटिकोन आणि 180 अंश होणारे पूरक कोन. हिंदी पुस्तकांत 90 चे पूरक, आणि 180 चे संपूरक. म्हणजे रात्री व्हिडिओत ऐकलेला ‘पूरक’ आणि सकाळी वर्गात ऐकलेला ‘पूरक’ यांत 90 अंशांचा फरक. शिक्षकाने हे आपण होऊन सांगितलं नाही तर मूल दोघांपैकी एकाला चूक ठरवतं, आणि तो मान बहुधा शिक्षकाकडे येतो. वर्गाच्या भिंतीवर तीन रकान्यांचा कागद लावून त्यावर मराठी, इंग्रजी आणि हिंदी नावं मुलांकडूनच भरून घेता येतात. मात्र शेजारी आकृती हवी, आणि ती शक्यतो तिरकी काढलेली.

शेवटी प्रश्नपत्रिका. मुलं तेच शिकतात जे विचारलं जातं, त्यामुळे ‘व्याख्या लिहा’ हा प्रश्न जितका कमी तितकं बरं. त्याऐवजी एखाद्या चुकीच्या व्याख्येत कोणती आकृती विनाकारण आत शिरते ते काढून दाखवायला सांगावं. ‘ज्या चौकोनाच्या दोन बाजू समांतर असतात तो समांतरभुज चौकोन’: इथे समलंब शिरतो. किंवा व्यत्यास विचारावा. समभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना लंब असतात, हे मुलांना पाठ आहे. मग ज्याचे कर्ण परस्परांना लंब असतात तो प्रत्येक चौकोन समभुज असतो का? ज्याला समजलंय तो एक पतंग काढतो, त्याच्या असमान बाजूंवर खुणा करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे जातो. त्याला पूर्ण गुण द्यावेत, त्याने एकही शब्द लिहिला नसला तरी.